ठाण्याच्या तटामागील दाटी

पंढरपुरास २० जुलै १८१५ रोजी गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि त्याचा आळ दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. इंग्रजांनी त्यांना मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात आणून कोंडले. पहाऱ्यावर बहुतेक गोरे शिपाई होते, कारण देशी शिपाई फितेल अशी धास्ती होती. पण किल्ल्यातील एका अंमलदाराच्या मोतद्दाराने घोडा चोळता चोळता मराठीत गाणे म्हणत निरोप पोहोचविला, गोऱ्यांस त्यातले अक्षर कळले नाही, आणि १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी तट उतरून पसार झाले, अशी हकीकत पुढे बिशप हेबरच्या प्रवासवृत्तात आली. एका बंदिवानासाठी एक अख्खा किल्ला, असा तो थाट होता.

तोच किल्ला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकून पुरा केला, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि एकोणिसाव्या शतकात त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे याच तटाच्या आत फासावर गेले. त्रिंबकजींच्या वेळी जेथे एका कैद्यामागे अनेक पहारेकरी होते, तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उलटा हिशोब सुरू झाला. या कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ माणसांची धरलेली होती. २०२० सालापूर्वीच तेथील संख्या तिच्या तिपटीच्या आसपास गेल्याचे आकडे प्रसिद्ध झालेले होते.

या तिपटीतील बरीच माणसे ठाणे शहरातील नव्हेत. ती येतात उत्तरेकडून. वसईच्या खाडीपलीकडून, पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, तलासरी, जव्हार या टापूतून. हा टापू दीर्घकाळ ठाणे जिल्ह्याचा भाग होता. जुन्या कागदपत्रांत पालघरऐवजी माहीम तालुका असे नाव आढळते. समुद्रकाठच्या केळवे-माहीमला कचेरी होती, ती आगगाडी आल्यावर कालांतराने लोहमार्गावरच्या पालघरास आली. संस्थानी जव्हार १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. तालुक्याच्या कचेरीला लागून एखादी दुय्यम तुरुंगाची खोली असे, परंतु ज्याचा मुक्काम लांबणार त्याला ठाण्यासच धाडण्याचा परिपाठ होता. उत्तर कोकणात 'ठाण्याला पाठविले' या शब्दांना दोन अर्थ आहेत, एक वेड्यांच्या इस्पितळाचा आणि दुसरा तुरुंगाचा. दोन्हींपैकी कोणता हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे कोळगावास मुख्यालयाची भव्य इमारत उठली, जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले. पण जिल्हा जन्मला तेव्हा त्याला स्वतःचे कारागृह मात्र नव्हते. जिल्हा वेगळा झाला, बंदिवान जुन्याच घरी राहिले.

त्या घरात जागेच्या तिप्पट माणसे कोंडणे ही नुसती गैरसोय समजावयाची, की तीही एक शिक्षाच समजावयाची, आणि शिक्षाच असेल तर ती क्रूर शिक्षा नव्हे काय, असा प्रश्न आहे. 'क्रूर व अनैसर्गिक' असे त्या इंग्रजी शब्दांचे भाषांतर कोणी करतात. 'क्रूर व रूढीबाह्य' हे अधिक नेमके होईल. हे शब्द इंग्लंडच्या १६८९ सालच्या हक्कांच्या सनदेतून आले आहेत. त्यामागे टायटस ओट्स नावाच्या एका खोट्या साक्षीदाराला १६८५ मध्ये झालेली शिक्षा होती. शहरभर फटके मारीत त्याला फिरवावे आणि जन्मभर दरवर्षी खोड्यात अडकवून लोकांसमोर उभे करावे, असा तो हुकूम होता. इंग्रजांना त्यात खटकले ते केवळ फटके नव्हेत. देशाच्या वहिवाटीत न बसणारी, न्यायाधीशाने मनाने रचलेली शिक्षा त्यांना खटकली. अमेरिकेने हेच शब्द आपल्या राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत घेतले. ती दुरुस्ती डिसेंबर १७९१ मध्ये अमलात आली.

मराठी वाचकाला १७९१ हे साल दुसऱ्याच कारणाने आठवावयास हवे. त्याच साली, चारच महिने आधी, पुण्यास ऑगस्टच्या अखेरीस एक प्रकार घडला. श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी तेलंगी ब्राह्मण पुण्यात आलेले होते. त्यांतील काहींनी कोतवाल घाशीराम याच्या बागेत शिरून फळे तोडली, त्यावरून तंटा झाला, आणि चोर म्हणून चौतीस-पस्तीस जणांना कोतवालाच्या माणसांनी भवानी पेठेतील वाड्याच्या एका अरुंद कोठडीत घालून वरून कुलूप ठोकले. कोणाला मारले नाही, शस्त्र चालविले नाही, फाशीचा हुकूम सुटला नाही. खोली लहान आणि माणसे फार, एवढेच काय ते झाले. मानाजी फाकडे यांना वार्ता कळली, त्यांनी कुलूप तोडविले, तेव्हा आतून प्रेते निघाली. एकूण एकवीस माणसे गुदमरून मेली.

पुढील दृश्य सर्वश्रुत आहे. तेलंगी ब्राह्मणांचा जमाव नाना फडणविसांच्या दाराशी बसला, चौकशी झाली, आणि घाशीरामास त्या जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाला मिळालेली ही शिक्षाच क्रूर आणि रूढीबाह्य म्हणावी अशी होती, यात संशय नाही. पण या प्रकरणाची दुसरी बाजू इतिहासकार सहसा बोलत नाहीत. कोंडलेली माणसे गुदमरली तर तो कोतवालाचा खूनच होय, 'जागा अपुरी पडली' ही सबब नव्हे, हे पुणे दरबाराने आणि पुण्याच्या रस्त्याने एका दिवसात मान्य केले. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हणावयास हवी. ते मेले ते ब्राह्मण होते, म्हणून शहर पेटले. त्याच कोठडीत पस्तीस रामोशी वा कोळी कोंडले गेले असते, तर कुलूप फोडावयास कोणी सरदार धावला असता की नाही, याविषयी शंका बाळगण्यास जागा आहे. घाशीरामावर १८६३ साली मोरोबा कान्होबांनी पुस्तक लिहिले आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर आले. दोहोंमुळे कोतवालाचे नाव राहिले, कोठडीची लांबीरुंदी मात्र कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या कोठडीची लांबीरुंदी मात्र जपून ठेवली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये २० जून १७५६ च्या रात्री सिराजउद्दौल्याच्या माणसांनी इंग्रज कैदी कोंडले ती खोली अठरा फूट लांब आणि चौदा फूट दहा इंच रुंद होती, असे सांगतात. ती हकीकत हॉलवेल या वाचलेल्या इसमाने लिहिली. एकशेसेहेचाळीस आत गेले, तेवीस बाहेर आले, हा त्याचा आकडा पुढच्या इतिहासकारांनी फुगविलेला ठरविला आणि बराच खाली आणला. तरी 'काळकोठडी' हा शब्द जगभर अमानुषतेचा पर्याय झाला, आणि हिंदुस्थानात इंग्रजी राज्य का हवे याचे एक कारण म्हणून तो इंग्रजी शाळांतून पढविला गेला. मग नोव्हेंबर १९२१ मध्ये मलबारात तिरूर स्थानकावर इंग्रज सरकारच्याच अंमलदारांनी सुमारे शंभर मोपला कैदी मालगाडीच्या बंद डब्यात भरले व कोइमतूरच्या दिशेने धाडले. वाटेत दार उघडले तेव्हा सत्तरच्या घरात माणसे मेलेली वा मरणोन्मुख होती. त्या डब्याला काळकोठडी म्हणावयास इंग्रजी पाठ्यपुस्तके पुढे आली नाहीत.

या टोकाच्या घटना आहेत. रोजच्या तुरुंगातली दाटी इतक्या लगेच मारीत नाही, ती सावकाश मारते, आणि तिचा हिशोब प्रथम वैद्यांनी मांडला. १८६४ साली हिंदुस्थान सरकारने तुरुंगांच्या चौकशीसाठी समिती नेमली तिचे कारणच मृत्युसंख्या होते. आदल्या दहा वर्षांत देशातील तुरुंगांच्या भिंतींआड छेचाळीस हजारांहून अधिक माणसे मेली, असे त्या समितीपुढे आले. पटकी, हगवण, ताप ही नावे दाखल्यावर लिहिली जात. समितीने म्हटले की, प्रत्येक कैद्याला निदान ५४ चौरस फूट जमीन आणि ६४० घनफूट हवा मिळालीच पाहिजे. नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी ती जमीन होय. वैद्याने दिलेली ही मात्रा होती, न्यायाधीशाने दिलेली नव्हे, आणि म्हणूनच ती पाळणे वा न पाळणे सरकारच्या सोयीवर राहिले.

सरकारची सोय कशी असे, ते त्याच १८६४ सालच्या दुसऱ्या एका कायद्यावरून कळते. तो फटक्यांचा कायदा. तुरुंग भरले आहेत, किरकोळ चोरांना आत घालून ते मरतात आणि खर्चही होतो, त्यापेक्षा त्यांना फटके मारून सोडून द्यावे, असा विचार त्यामागे होता. दाटीच्या क्रौर्यावर चाबकाच्या क्रौर्याचा उतारा! सरकारी तर्कशास्त्राचा असा नमुना क्वचितच सापडेल. फटक्यांची ही शिक्षा स्वतंत्र भारतात १९५५ साली रद्द झाली. त्याच्याही आधी, १८५७ च्या उठावानंतर भरलेले तुरुंग हलके करण्यासाठी १८५८ मध्ये अंदमानची वसाहत पुन्हा उघडली गेली होती. माणसे कमी करावयाची झाली तर समुद्रापार न्यावी वा चाबकाखाली आणावी. मुळात इतकी माणसे आत का येतात, हे कोणी विचारीत नसे.

ती का येत, याचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या रानात होते. १८७८ सालच्या अबकारी कायद्याने ताडामाडावर भारी पट्टी बसली आणि परवान्यावाचून ताडी-दारू काढणे हा गुन्हा झाला; त्याच सालच्या जंगल कायद्याने लाकूडफाटा तोडणे गुन्हा झाला. तारापूर-डहाणूकडील वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे निम्मे व्यवहार दोन कायद्यांनी एका सालात गुन्हेगारीत गेले. दंड भरावयास पैसा नाही, म्हणून सावकार वा जमीनदार तो भरी, आणि माणूस त्याच्या बेठबिगारीत जाई. नाहीतर तुरुंगात जाई. दोहोंपैकी कोणता कोंडवाडा बरा, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९४५ साली तलासरीनजीक झरीच्या सभेपासून वारल्यांचा जो उठाव गोदावरी व शामराव परुळेकरांनी उभा केला, तो या दुसऱ्या कोंडवाड्याविरुद्ध होता, आणि त्या उठावाने पहिल्या कोंडवाड्यात कितीतरी नवी माणसे पाठविली.

१८९४ चा तुरुंगांचा कायदा हा आपल्या विषयातील मुख्य कागद होय. त्याच्या सातव्या कलमात असे आहे की, एखाद्या तुरुंगात सोयीने किंवा सुरक्षितपणे ठेवता येतील त्यापेक्षा जास्त कैदी झाले आणि जास्तीचे कैदी दुसऱ्या तुरुंगात हलविणे सोयीचे नसले, किंवा साथीचा रोग उद्भवला, तर त्या जास्तीच्या कैद्यांसाठी तात्पुरते तुरुंग उघडून निवाऱ्याची तजवीज केली पाहिजे. म्हणजे दाटी ही कायद्याच्या दृष्टीने अदृश्य नव्हती. दाटी झाली तर काय करावयाचे ते कायद्याने सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. ते कधी केले जाई? १९३० च्या सविनय कायदेभंगात देशभर साठ हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, तेव्हा मुंबई इलाख्यात वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला, आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यात विसापूरला दगडधोंड्यांच्या माळावर तुरुंगाची वसाहत उभी राहिली. पांढरपेशे, वकील, शिक्षक, व्यापाऱ्यांची मुले आत आली, त्यांची पत्रे बाहेर जात होती, वर्तमानपत्रे छापीत होती. सरकारला जागा सापडली. चळवळ ओसरली तशी चाळी रिकाम्या झाल्या आणि साधा चोर पुन्हा पूर्वीच्याच दाटीत निजू लागला.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरास कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण ठार झाले. गावातील पाचबत्तीचा चौक त्यांच्याच स्मृतीचा आहे. त्या दिवसांत सातपाटी, शिरगाव, मुरबे, नांदगाव, तारापूर अशा किनाऱ्याच्या गावांतील कोळी, मांगेले, माळी, वाडवळ घरांतून तरुण पकडले गेले. पाच हुतात्म्यांची नावे दरवर्षी वाचली जातात, ते योग्यच आहे. पकडल्या गेलेल्यांनी तुरुंगात काय भोगले याचे वाचन होत नाही. मरणाचे स्मारक होते, दाटीचे होत नाही.

स्वातंत्र्यानंतर घटना आली, आणि तिच्यात आठव्या दुरुस्तीसारखे शब्द नव्हते. 'क्रूर शिक्षा देऊ नये' असे कलम तिच्यात कोठेही नाही. एकविसावे कलम म्हणते की, कायद्याने ठरविलेल्या पद्धतीवाचून कोणाचे जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. यावरून कोणी म्हणेल की, आमच्याकडे तो अमेरिकी प्रश्नच उद्भवत नाही. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, त्याला उत्तर दिले: घटनेत ते शब्द नसले तरी एकविसाव्या कलमाचा अर्थ आता इतका विस्तारला आहे की, परिणाम तोच होतो. कैदी तुरुंगाच्या दारावर आपले मूलभूत हक्क काढून ठेवून आत जात नाही. डिसेंबर १९९६ मध्ये, बंगळूरच्या तुरुंगातून एका कैद्याने धाडलेल्या पत्रावरून चाललेल्या राममूर्ती खटल्यात न्यायालयाने तुरुंगांच्या नऊ व्याधी मोजल्या, आणि त्यांत पहिला क्रमांक दाटीला दिला. २०१३ साली निवृत्त सरन्यायाधीश लाहोटी यांनी पत्र लिहून १,३८२ तुरुंगांतील अमानुष स्थितीकडे लक्ष वेधले. त्यावर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी विस्तृत आदेश निघाले आणि प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणाऱ्या समित्या नियमाने बसू लागल्या. तत्त्व निर्विवाद झाले. माणशी फूट मात्र वाढले नाहीत. आजच्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीतील कैद्याला ३.७१ चौरस मीटर जमीन सांगितली आहे, म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट. १८६४ च्या साहेबी समितीपेक्षा चौदा फूट कमी! शिवाय तीही कागदावर. जेथे तिप्पट माणसे आहेत तेथे त्या चाळिसांचे सव्वातेरा होतात. म्हणजे सहा फूट लांब आणि जेमतेम सव्वादोन फूट रुंद पट्टी. कुशीवर वळावयाचे तर शेजाऱ्यासही वळावे लागते.

अमेरिकेतील न्यायालयांचे मतही एका दमात बनले नाही. १९८१ मध्ये ओहायो राज्यातील तुरुंगात त्रेसष्ट चौरस फुटांच्या कोठडीत दोघे ठेवीत, यावर तक्रार झाली. न्यायालय म्हणाले की, ही शिक्षा कठोर असेल, क्रूर नव्हे, आणि घटना आरामाची हमी देत नाही. तेथे माणशी साडेएकतीस फूट होते, हे ठाण्याशी ताडून पाहावे. पण पुढे कॅलिफोर्नियात ऐंशी हजारांच्या जागेत दीड लाखाहून अधिक माणसे झाली, चोपन्न जणांना एक शौचकूप अशी पाळी आली, आजारी माणूस वैद्यापर्यंत पोहोचेपर्यंत मरू लागला, तेव्हा मे २०११ मध्ये पाचास चार अशा मताधिक्याने न्यायालयाने संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा हुकूम कायम केला. दोन निकालांना जोडणारा धागा असा दिसतो: दाटी स्वतः क्रूर ठरते ती फुटपट्टीने नव्हे, तिच्यामुळे औषध, पाणी, झोप, संरक्षण यांतील काय तुटते त्यावरून. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने मात्र फुटपट्टीच हाती घेतली. सामायिक कोठडीत माणशी तीन चौरस मीटरांहून कमी जागा असली की वागणूक अमानुष असल्याचे सकृद्दर्शनी धरावयाचे, असे २०१६ साली त्याने पक्के केले.

या युरोपीय फुटपट्टीचा एक प्रसंग मुंबईशी संबंधित आहे. उद्योगपती विजय मल्ल्या यांना भारताच्या हवाली करावे की नाही, हा खटला लंडनच्या न्यायालयात चालला, तेव्हा २०१८ साली न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीचे चलच्चित्र मागविले. खिडकीतून उजेड किती येतो, एका माणसाला जागा किती, शौचालय कसे, याची सात समुद्रांपलीकडे बारकाईने छाननी झाली, आणि १० डिसेंबर २०१८ रोजी बराक समाधानकारक असल्याचे सांगून हवाली करण्यास संमती मिळाली. त्या तुरुंगाची अधिकृत क्षमता ८०४ असताना इतर बराकींत तेव्हा काय स्थिती होती, ते त्या चित्रात असण्याचे कारण नव्हते. सरकारने परक्या न्यायासनापुढे एका माणसापुरते तीन मीटर मान्य केले. बोईसरहून ठाण्यास गेलेल्या माणसाच्या बराकीचे चलच्चित्र कोणते न्यायालय मागविणार?

आता मूळ प्रश्नातील 'शिक्षा' या शब्दाकडे पाहिले पाहिजे. २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जागांमध्ये ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील पाऊणशे टक्क्यांहून थोडी अधिक माणसे कच्चे कैदी होती. म्हणजे ज्यांचा खटला चालावयाचा आहे वा चालू आहे आणि ज्यांना कोणत्याही न्यायाधीशाने दोषी म्हटलेले नाही अशी. दंडविधानात शिक्षांची यादी दिलेली असते: मृत्यू, जन्मठेप, साधी वा सक्तमजुरीची कैद, दंड, मालमत्तेची जप्ती. 'सव्वादोन फुटांची पट्टी' त्या यादीत नाही. शिक्षा झालेल्या कैद्याबाबत न्यायाधीशाने जे दिले त्याहून अधिक दिले जाते, ही तक्रार होऊ शकते. परंतु कच्च्या कैद्याला न्यायाधीशाने काहीच दिलेले नाही. त्याच्या बाबतीत शिक्षा क्रूर की सौम्य हा वादच अप्रस्तुत. ती शिक्षा आहे एवढ्यानेच ती बेकायदा ठरावी. अमेरिकेतही न्यायालयाने १९७९ मध्ये हाच भेद केला आणि कच्च्या कैद्यांना आठव्या दुरुस्तीऐवजी 'विहित न्यायप्रक्रिये'च्या कलमाखाली घेतले. आणि 'रूढीबाह्य' या शब्दाविषयी तर बोलूच नये. दाटी आमच्याकडे इतकी रुळली आहे की, रूढीबाह्य असे तिच्यात काही उरलेलेच नाही.

पालघरच्या कच्च्या कैद्याची तऱ्हा निराळी आहे, ती दोन कारणांनी. पहिले अंतराचे. पालघर पश्चिम रेल्वेवर, ठाणे मध्य रेल्वेवर. मध्ये खाडी आणि घोडबंदरचा रस्ता. तारखेला कैदी न्यायालयात उभा करावयाचा तर पोलिसांची गाडी आणि सोबतीचे शिपाई लागतात. शिपाई बंदोबस्तात गुंतले की कैदी येत नाही, कैदी आला नाही की तारीख पडते, तारीख पडली की आणखी एक महिना बराकीतील एक जागा अडून राहते. दृक्श्राव्य यंत्राने आता मुदतवाढीची कामे होतात, पण साक्षीपुराव्याला माणूस समोर लागतोच. आणि घरच्यांनी भेटीस जावयाचे तर तलासरीच्या मजुराची एक दिवसाची मजुरी बुडते आणि दोन गाड्या बदलाव्या लागतात.

दुसरे कारण जामिनाचे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उठले. १९६९ पासून तारापूरची अणुवीज निघू लागली. कामाला माणसे आली ती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. खोली भाड्याची, ठेकेदार बदलता, शिधापत्रिका गावाकडची. अशा माणसावर किरकोळ आरोप आला आणि न्यायालयाने जामीन मंजूर केला, तरी पंधरा-वीस हजारांचा स्थानिक जामीनदार, तोही मालमत्तेच्या कागदांसह, तो आणणार कोठून? १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात कृष्ण अय्यर यांनी बजावले होते की, गरिबाकडे परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारू नये आणि रकमा त्याच्या ऐपतीबाहेरच्या ठेवू नयेत. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत संभाव्य शिक्षेपेक्षाही अधिक काळ कुजलेली माणसे बाहेर आली. मग २००५ च्या दुरुस्तीने, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जातमुचलक्यावर सोडावे, असे ४३६-अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीसाठी हा काळ एकतृतीयांश केला. कायदा दयाळू होत गेला, यात शंका नाही. हा एकतृतीयांश मोजून अर्ज करणे कायद्याने कारागृहाच्या अधीक्षकाचे काम केले, तरीही तो प्रत्यक्ष मोजला जावा लागतो. ज्याच्या वकिलाने नाव विसरले, त्याचा काळ मोजतो कोण?

या सर्वांत एक प्रसंग असा आला की, अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट शक्य झाली. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली आणि २३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून तुरुंग हलके करण्यास सांगितले. मे महिन्यात आर्थर रोडमध्ये शंभराहून अधिक बंदी बाधित निघाले. एकमेकांस चिकटून निजणाऱ्या माणसांना 'अंतर राखा' हा उपदेश ऐकवण्यात अर्थ नव्हता. मग महाराष्ट्राच्या समितीने राज्यातील सुमारे पस्तीस हजार बंदिवानांपैकी जवळपास निम्म्यांना तात्पुरत्या जामिनावर वा अभिवचन रजेवर सोडण्याचे ठरविले. पूर्वी ज्याला जामीनदाराविना सोडणे म्हणजे समाजाला धोका होता, तोच माणूस आता जातमुचलक्यावर बाहेर निघू लागला. १८९४ च्या सातव्या कलमातील साथीचे शब्दही त्या वर्षी उपयोगी पडले. शाळा, वसतिगृहे यांत तात्पुरते तुरुंग उघडले. रोगजंतू भिंतीबाहेर येऊ शकतो, तुरुंगाचे शिपाई संध्याकाळी आपल्या घरी जातात, हे जेव्हा उमगले तेव्हा आत किती माणसे आहेत हा प्रश्न बाहेरच्यांचा झाला. १७९१ साली तो पुण्याच्या रस्त्याचा झाला होता, १९३० मध्ये वर्तमानपत्रांचा.

साथ ओसरली. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, साथीच्या काळात तात्पुरते सुटलेल्या सर्व कच्च्या व पक्क्या कैद्यांनी पंधरा दिवसांच्या आत आपापल्या तुरुंगात हजर व्हावे. नियमित जामीन हवा असेल त्याने तेथून अर्ज करावा. ठाण्याच्या तटाचा दरवाजा त्यांच्यासाठी पुन्हा उघडला. आतील क्षमता १,१०५ च होती.